दोन ईदींच्या मधली

बिस्मिल्लाह. दिवसामागून रात्र आणि रात्रीमागून दिवस आणणाऱ्याच्या नावाने.

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, विधवा, मूलबाळ नाही, तीन मजली घराच्या मधल्या मजल्यावर राहणारी, तीन भावंडांतली मधली आणि म्हणून लहानथोर सगळे जिला 'मधली' म्हणतात ती, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी गळ न घालता किंवा डोळे न वटारता, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवत आहे. शरीर थकले आहे. डॉक्टरीणबाई तपासून 'बघू' म्हणाल्या, आणि डॉक्टर 'बघू' म्हणाले की शहाण्या माणसाने कागद-पेन जवळ ओढावे. डोके मात्र ठिकाणावर आहे. काल पुतणीने कापलेल्या कुडत्याच्या दोन बाह्या दोन मापांच्या झाल्या होत्या, त्या अंथरुणातूनच ओळखल्या.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे धरावे.

कलम पहिले. माझ्या मरणानंतरची तयारी.

पांढरे कापड कपाटाच्या वरच्या फळीवर धुऊन ठेवले आहे. त्याला सुई लावलेली नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, पण कफनाला शिवण नसते, हे शिंपिणीला सांगावे लागत नाही. मला लवकर पोहोचवावे. कोणत्या मशिदीत न्यायचे यावरून जिन्यात बोलाचाली होऊ देऊ नये. जी जवळ असेल ती.

कलम दुसरे. सुटलेले रोजे.

आजारपणामुळे जे रोजे राहिले, त्यांच्या बदल्यात माझ्या मालमत्तेतून गरिबांना जेवू घालावे. हातात पाकिटे देऊन मोकळे होऊ नये. माझ्या कटिंगच्या टेबलावर चादर घालून, समोर बसवून, पुन्हा पुन्हा विचारून वाढावे.

कलम तिसरे. मधला मजला.

अब्बा गेले तेव्हा हिशोबाने बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा होता. पण दोन्ही भावांनी एकमताने पूर्ण मजला माझ्या नावावर केला. नवरा जहाजाच्या भटारखान्यात कामाला होता, लग्नाच्या वर्षीच समुद्रात बुडून वारला. मी माहेरी परत आले तेव्हा दोघांनी मिळून माझे मशीन याच खोलीच्या खिडकीशी लावून दिले. त्यानंतर त्या दोघांचे कशावर एकमत झाल्याचे मला आठवत नाही.

माझ्या माघारी माझे वारस हे दोघेच. त्यांचा हिस्सा अल्लाहने ठरवून दिलेला आहे, तो मी कमी करू शकत नाही, वाढवू शकत नाही, त्याला अटही घालू शकत नाही. नाहीतर घातली असती. एक तृतीयांशापर्यंत मला माझ्या मर्जीने देता येते. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी या अटीच्या इच्छेमागची हकिकत लिहिते, कारण पुतण्या-पुतणीने ती गल्लीतल्या चुगलखोर अत्तरवाल्याकडून ऐकावी असे मला वाटत नाही.

आमचा थोरला, ज्याला आम्ही भाई म्हणतो, वरच्या मजल्यावर राहतो, शहरातली बस चालवायचा. धाकटा खालच्या मजल्यावर, औषधाच्या दुकानात कामाला. अब्बा असेपर्यंत रमजान संपत आला की आम्ही सगळे गच्चीवर जायचो. अम्मा म्हणायची, बाकी सण तारीख बघून येतात, आपला दिवस आपल्याला मान वर करून शोधावा लागतो, म्हणून त्याची गोडी. चंद्र दिसला की ती आधी हात उचलून दुआ मागायची, मग आम्हाला जवळ घ्यायची. तो चंद्र केवढासा, कापून पडलेल्या नखाएवढा. पण तो दिसला की अख्खी गल्ली हलकी व्हायची.

अब्बा गेल्यानंतरच्या एका वर्षी संध्याकाळी ढग होते. भाई बस डेपोत लावून पुलावरून चालत येत होता. ढग फाटला आणि त्याला चंद्र दिसला, असे त्याने मशिदीत येऊन सांगितले. चंद्राचा निर्णय करणारी कमिटी बसली. ईद ठरवायला दोन साक्षीदार लागतात, दुसरा नव्हता. धाकटा तिथे हजर होता. त्याला कोणी विचारले, तुझा भाऊ आहे, तू काय म्हणतोस? तो म्हणाला, "भाई खोटं बोलणार नाही. पण त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्याच्या डोळ्यांवर जाऊ नका."

धाकट्याच्या मनात वाईट नव्हते. लोकांचा एक रोजा चुकीने सुटू नये, एवढेच त्याला वाटत होते. पण भर कमिटीत म्हणाला. ज्या डोळ्यांच्या भरवशावर रोज बसभर माणसे डोळे मिटून झोपतात, ते डोळे सख्ख्या भावाने खोटे पाडले. भाईने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला आणि तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तो पुलापलीकडच्या मशिदीत गेला, जिथे दूरदेशी चंद्र दिसल्याची खबरही मानतात. तिथे त्या दिवशी ईद होती. आमच्याकडे रोजा.

तेव्हापासून या घरात दोन ईदी. सगळ्या वर्षी नाही, कधी कधी दोन्ही मशिदींचा दिवस एकच यायचा. पण तेव्हाही दोघे एकमेकांना भेटायचे नाहीत. वेगळ्या दिवशी ईद असली की निदान कारण तरी असायचे.

मी अम्माच्या सांगण्यावरून गल्लीतल्या मशिदीबरोबर राहिले. त्यामुळे भाईची ईद मला नेहमी उपाशीपोटी यायची. वहिनी भरलेले ताट झाकून पाठवायची, मी त्याच्यासमोर बसून भाईशी गप्पा मारायचे आणि सूर्य मावळायची वाट बघायचे. दुसऱ्या दिवशी खाली धाकट्याकडे ईद, तेव्हा वरच्या मजल्यावर शिळी शांतता. पुतण्या आणि पुतणी लहानपणी विचारायची, फुप्पी, खरी ईद कोणती? मी सांगायचे, तुम्ही दोघं एकत्र खेळाल ती.

माझ्या धंद्यात रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. सगळ्यांना ईदचे कपडे त्याच आठवड्यात हवे असतात. त्या दहातली एक रात्र हजार महिन्यांहून मोठी, ती शोधावी असा हुकूम आहे, आणि मी शोधत असायचे कोणाच्या तरी गळ्याचे हरवलेले बटण. अम्मा सांगायची, ती रात्र नक्की कोणती हे रसूलअल्लाह सांगायला निघाले होते, पण वाटेत दोन माणसे भांडत होती, आणि ते ज्ञान उचलून घेतले गेले. एवढे सांगून अम्मा छताकडे बघायची, मग फरशीकडे.

वर्षातले चार महिने आदबीचे आहेत, त्यात लढाई-तंटा नको, असे अम्माचे फर्मान होते. दोघेही भाऊ ते पाळायचे. त्यातला रजब महिना लागला की जिन्यात एकमेकांना सलाम. रजब संपला की पुन्हा भिंतीकडे तोंड. मला हसू यायचे, अम्माला यायचे नाही. सोमवारी आणि गुरुवारी ती रोजा धरायची. या दोन दिवशी जन्नतचे दरवाजे उघडतात, सगळ्यांना माफी मिळते, फक्त ज्या दोन भावांच्या मनात अढी आहे त्यांच्याबद्दल म्हटले जाते, यांना थांबवा, समेट होईपर्यंत थांबवा. "माझी दोन्ही पोरं दारात उभी आहेत गं," ती मला म्हणाली होती. "दर सोमवारी, दर गुरुवारी. मी आत जाऊन करू काय?"

ती गेली त्या दिवशी वर ईद होती, खाली शेवटचा रोजा. भाई नव्या कपड्यांत, अत्तर लावून, धाकटा सुकलेल्या ओठांनी, पलंगाच्या दोन बाजूंना बसले होते. तिने कोणाला ईदमुबारक म्हणावे हे तिला कळेना, म्हणून तिने दोघांनाही काही म्हटले नाही. जनाज्याच्या नमाजात दोघे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याचे नंतर मला पुतण्याने सांगितले. घरी आल्यावर एक वर गेला, एक खाली.

कलम चौथे. हत्यारे आणि इतर.

पायाचे मशीन पुतणीला, म्हणजे भाईच्या मुलीला. ते मध्येच अडते, तेव्हा त्याला शिव्या देऊ नये, तेल द्यावे. मोठी कात्री काजबटणवालीला, जिने माझ्याबरोबर आयुष्य काढले आणि एकदाही टाका ढिला सोडला नाही. त्या कात्रीने कागद कापू नये. इस्त्री पुतण्याला, म्हणजे धाकट्याच्या मुलाला. कॉलेजात चुरगळलेला जातो.

अत्तरवाल्याला काही देऊ नये. वरचे खाली आणि खालचे वर पोहोचवण्यात त्याने फार वर्षे घालवली. समाचाराला आला तर चहा द्यावा, साखर बेताची.

कलम पाचवे. जे घडले ते नोंदवून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याला हजचे बोलावणे आले. निघण्यापूर्वी माणूस सगळ्यांची माफी मागतो. शेजारी झाले, नातेवाईक झाले, गिऱ्हाईक झाले, शेवटी तो जिना चढून वर गेला. मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते. वहिनीने दार उघडले. भाई आतून म्हणाला, "माफ केलं म्हणावं." बाहेर आला नाही. धाकटा थोडा वेळ तिथे उभा राहिला, मग उतरला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आपा, माफी तर मिळाली. भाई मिळाला नाही."

अरफाच्या दिवशी, म्हणजे हजच्या महिन्याच्या नऊ तारखेला, जेव्हा हाजी अरफातच्या मैदानात उभे राहून दुआ मागतात, वहिनी माहेरी गेली होती, म्हणून भाई रोजा सोडायला माझ्याकडे यायचा होता. दुपारीच येऊन बसला. मीही त्या महिन्याच्या सुरुवातीचे दिवस रोजे धरते, त्यामुळे दोघेही उपाशी, पंख्याखाली. या एका दिवसाच्या रोज्याने गेल्या वर्षीचे आणि येत्या वर्षीचे गुन्हे धुतले जातात. नऊ तारीख भाईच्या मशिदीची; गल्लीतल्या मशिदीची मात्र आठ होती. अरफा त्यांच्याकडे उद्या.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर माझा फोन वाजला. धाकटा होता. मागे लाखो माणसांचा आवाज, समुद्रासारखा. मी म्हटले, भाई इथेच आहे. मी फोन भाईच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला, कारण मला दोघांचेही ऐकायचे होते.

मग धाकटा म्हणाला, "भाई, आज माझीपण नऊच तारीख आहे."

भाईने चष्मा काढला. पुसला नाही, मांडीवर ठेवला. विचारले, "ऊन आहे का रे?"

"खूप आहे."

"डोकं उघडं असेल तुझं. छत्री घे. सावलीत उभा राहून माग."

"तुझ्यासाठी मागितलं, भाई. सगळ्यात आधी."

त्यानंतर फोन तुटला, की भाईने ठेवला, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी खजूर तोंडात घालण्याआधी त्याने एवढा वेळ दुआ मागितली की माझा हात खजुरापाशी अवघडला.

धाकटा परत आला तेव्हा टॅक्सीतून बॅग भाईने उतरवली. गळाभेट जिन्यात झाली, अरुंद जागेत, त्यामुळे दोघांनाही नीट सोडवून घेता आले नाही.

गेल्या रमजानमध्ये मी आजारी होते, मशीन बंद. पहिल्यांदाच त्या दहा रात्री मला माझ्या मिळाल्या. शोधलेली रात्र सापडली की नाही, हे सांगायचे नसते. ईद मात्र पुन्हा दोन दिवशी आली. भाईने आपली ईद पढली, आणि दुसऱ्या दिवशी तेच कपडे पुन्हा घालून खाली धाकट्याकडे गेला. कोणी कोणाची मशीद सोडलेली नाही, आणि सोडावी असे मी म्हणतही नाही. दोघेही इमानाने आपला चंद्र शोधतात.

पण मन मोठे हावरे आहे. मला अशी एक ईद हवी आहे, जिच्या सकाळी वरचे आणि खालचे दार एकाच वेळी उघडेल, दोघे माझ्या दाराशी थांबतील, आणि मी कोणासमोरही उपाशी बसणार नाही. लहानपणी अशा ईदी इतक्या आल्या की मोजल्या नाहीत. आता रमजान तोंडावर आहे. अल्लाहने तेवढी उसंत द्यावी, आणि त्या संध्याकाळी ढग नसावेत. माझ्यासाठी कोणी दुआ केली तर बरे होण्याची नको, एवढीच करावी.

कलम सहावे. शेवटची इच्छा.

हत्यारे आणि रोज्यांचे जेवण वजा जाता माझ्या मर्जीच्या तृतीयांशातून जे उरेल, ते खिडकीजवळची खोली पुतण्या आणि पुतणी या दोघांच्या सामाईक नावावर ठेवण्यासाठी वापरावे. तिच्यात भिंत घालू नये. बाकी जागा भावांची. हा हुकूम नाही, मधल्या बहिणीची विनवणी आहे: ईदला चंद्र लागतो, रमजानला चंद्र लागतो, अरफाला लागतो, मोहरमच्या आशूऱ्याला लागतो. जुम्म्याला चंद्र लागत नाही. तोही ईदच आहे, आठवड्याची, आणि तो वर आणि खाली एकाच दिवशी येतो. नमाज आपापल्या मशिदीत पढावी आणि जेवायला या खोलीत यावे. माझी वाट बघू नये, सुरुवात करावी.

व्यवस्था पाहण्याचे काम काजबटणवालीने करावे. ती दोघांनाही घाबरत नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: मधली

आमच्या समोर सही केली, त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या:
साक्षीदार: समोरचा बटणवाला (सही)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, मधला मजला.
वार: शुक्रवार.
तारीख: शाबानची सतरा. वर विचारून घेतली, खाली विचारून घेतली. एकच निघाली.