आईच्या गाळ्यावरची पिवळी मिरची

एव्हारिस्ट,

काल जहाजातून आपल्या बेटावर उतरलास, बायकोला कॅथेड्रल दाखवलंस आणि कॅस्ट्रीच्या बाजारात माझ्यापुढे उभा राहिलास. "हा आमच्या आईचा गाळा," ऐटीत म्हणालास. आईच्या मयताला यायला मात्र तुला सवड नव्हती.

बायकोसमोर मिरवायला तू पिवळी मिरची उचललीस, आईसारखी बोटांनी फोडून हुंगलीस आणि त्याच बोटांनी डोळ्यांवरचा घाम पुसलास. इथलं शेंबडं पोरही असं करत नाही. तुझा हात वर जाताना मी बघत होते. अडवला नाही.

"ताई, पाणी दे गं!" तू बोंबललास. मी लगेच दिलं. पाण्याने आग आणखी पसरते, हेही विसरलास. उतारा खोबरेल तेलाचा, आणि बाटली माझ्या फळीखालीच होती.

तुझे डोळे मिटलेले होते, तेव्हा शेजारची टिटीन मावशी हळहळली, "आईची आठवण आली गं बिचाऱ्याला. रडू दे."

मी रडू दिलं.

आता बाबाही खाटेला खिळलेत. त्यांच्या मयताला येणार नाहीस, पण कधीतरी बाजारात येशीलच. म्हणून हे पत्र पाठवत नाही. उगाच सावध होशील.

तुझी वाट बघणारी,
फिलोमीनताई