माझ्याच पुलाला माझा विरोध

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकूनच. सभागृहातल्या बाकाने पाठीची जी दशा केली आहे, तिच्यामुळे हल्ली माझा प्रत्येक नमस्कार आपोआप वाकूनच होतो.) तू कशी आहेस? आईचा गुडघा काय म्हणतो? तिच्या चष्म्याची काच फुटली ती अजून तशीच असेल, कारण चष्मेवाला नदीच्या अलीकडे आणि तुम्ही पलीकडे. भाऊजींची तब्येत मात्र मी विचारत नाही. ती शनिवारपासून एकदम ठणठणीत झाली असणार. पेपरात पहिल्या पानावर मेहुण्याचं नाव, तेही अशा कारणासाठी! अंगणात खुर्ची टाकून त्यांनी ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं असेल. आईच्या कानावर तेवढं पडू दिलं नसशील, अशी आशा करतो.

तर आधीच सांगून टाकतो, बातमी खरी आहे. आपल्या नदीवर पायी जाण्यासाठी पूल बांधावा, या ठरावाला सबंध सभागृहात एकाच माणसाने विरोध केला आणि तो माणूस मी. ठराव कोणाचा होता? तोही माझाच. आता तुला हसू येत असेल तर पत्र बाजूला ठेव, पोटभर हस, पाणी पी आणि मग पुढे वाच. मी थांबतो. मला थांबायची सवय आहे, मी अपक्ष आहे.

अपक्ष असणं म्हणजे काय, ते तुला कधी कळलंच नाही. कळलं असतं तर माझ्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही तू केली नसतीस. अगं, पक्षाच्या सदस्याचं कसं असतं? त्याला प्रतोद असतो. कधी यायचं, कुठे बसायचं, कशाला हो म्हणायचं, कोणाच्या भाषणाला बाक वाजवायचा, सगळं प्रतोद सांगतो. डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं, आणि पुष्कळजण येतातही. माझं काय? माझा नेता मी, माझा प्रतोद मी, आणि बंडखोरही मीच. माझ्या पक्षाची बैठक रोज सकाळी दाढी करताना होते आणि तिथेही एकमत होत नाही. जागा दिली आहे ती शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. अध्यक्षांना तिथून माझं फक्त कोपर दिसतं. बोलायची परवानगी हवी असली की मी खांबाच्या बाजूने हात काढून हलवतो, आणि अध्यक्षांना वाटतं कोणी तरी खिडकी उघडायला सांगतंय. दोनदा तर शिपायाने खरोखर खिडकी उघडली. बसायला खोली दिली आहे तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्या खोलीत झेरॉक्सचं मशीन असतं, आणि ते सरकारी असल्यामुळे त्याचा मान माझ्या आधी. मतदारसंघातली माणसं गाऱ्हाणी घेऊन आली की मशीन चालू होतं. माणसं ओरडून बोलतात, मी ओरडून उत्तर देतो, आणि बाहेरच्यांना वाटतं, आतमध्ये भांडण जुंपलंय.

पण पुलाचा हट्ट मी सोडला नव्हता गं. निवडून आलो ते त्याच शब्दावर. पहिल्या अधिवेशनात प्रश्न टाकला, उत्तर आलं की पाहणी चालू आहे. पुढच्या अधिवेशनात विचारलं, तर म्हणे अहवाल अपेक्षित आहे. मग विचारलं की अहवाल कधी येणार, तर छापील उत्तर हातात पडलं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ताई, मी तो कागद घेऊन खांबाला टेकून बसलो आणि मला आई आठवली. गेल्या वेळी तिला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून होडीत ठेवली होती. पाण्यात होडी डुलायला लागली तशी तिने डोळे मिटून घेतले होते. अलीकडे उतरल्यावर म्हणाली, मला उचलून नका रे नेऊ सामानासारखं, एकदा माझ्या पायांनी नदी ओलांडू दे. हे ज्याच्या घरात घडलंय त्याच्यापुढे प्रश्न उद्भवत नाही म्हणे. माझं डोकंच फिरलं.

मग मी ठराव दिला. आमच्यासारख्या बिनपक्षाच्या, बिनवशिल्याच्या सदस्यांचे ठराव शुक्रवारी दुपारी घेतात, तेही चिठ्ठ्या टाकून. माझी चिठ्ठी निघता निघत नव्हती, ती अखेर या अधिवेशनात निघाली. मी भाषण लिहिलं. तुझ्या भावजयीला ऐकवलं, तिला झोप लागली. मग कापून निम्मं केलं, तरी लागली. (तिचं म्हणणं, झोप तिला भाषणाने नाही, दिवसभराच्या कामाने लागली. मी मानून घेतलं.) सगळं जय्यत तयार होतं. फक्त शुक्रवारची दुपार म्हणजे काय चीज असते, याचा अंदाज चुकला.

शुक्रवारी दुपारी सभागृहात सदस्यांपेक्षा त्यांच्या बॅगा जास्त असतात. ज्याचा त्याचा डोळा घड्याळावर आणि पाय दाराकडे. त्यात समोरच्या रांगेत एकजण आहेत, त्यांना आम्ही ‘टाइमटेबल’ म्हणतो. त्यांची गावाकडची गाडी लवकर असते, म्हणून दर शुक्रवारी ते उठतात आणि सभागृह आजच्यापुरतं तहकूब करावं असा प्रस्ताव मांडतात. सगळे खूश होऊन होय म्हणतात आणि त्या दिवशीचे गरिबांचे ठराव बुडतात. या टाइमटेबलवर मी सकाळपासून नजर ठेवून होतो. तेवढ्यात कोणीतरी बोट दाखवलं की सभागृहात पुरेशी माणसंच नाहीत. झालं! घंटा वाजायला लागली. ती थांबायच्या आत किमान माणसं भरली नाहीत, तर अध्यक्ष उठून जातात आणि माझा पूल परत चिठ्ठ्यांच्या डब्यात.

आता पक्षवाल्यांना प्रतोद गोळा करतो. मला कोण गोळा करणार? उठलो आणि धावलो. कँटीनमध्ये तिघं बिस्किटं बुडवत बसले होते, त्यांच्या बशा उचलून मी दाराशी नेऊन ठेवल्या, तसे ते बशांच्या मागे आले. वाचनालयात एक वयस्कर सदस्य वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते, त्यांच्या हाताला धरून उठवलं. आमच्या इमारतीत सदस्यांसाठी एक केस कापायचं दुकान आहे, तिथे एकजण अर्धी दाढी होऊन बसले होते. त्यांना म्हटलं, उरलेली दाढी मी स्वतः करून देतो पण आत्ता चला. ते गळ्यातल्या टॉवेलसकट आले. जिन्यात भेटलेल्या एकाने अट घातली की त्याच्या मत्स्यपालनाच्या विधेयकावर मी शेवटपर्यंत बसून भाषण ऐकेन. कबूल केलं. (ते विधेयक कलमं मोजून संपत नाही.) सगळ्यांना एकच सांगितलं, आत जा, बसा, आणि विचारलं की होय म्हणा. मेंढ्या हाकाव्या तसा तो कळप पुढे घातला आणि मी सगळ्यांच्या मागे, टॉवेलवाले परत फिरू नयेत म्हणून.

या धावपळीत एक गोष्ट मी साफ विसरलो. माझ्या शेजारच्या बाकावर ‘डुलकी’ बसतात. (नावावरून काय ते समज.) माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी जागेवर नसलो तर ठराव दुसऱ्याने मांडायची सोय असते, फक्त तसं लिहून द्यावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी मी डुलकींना तशी दोन ओळींची चिठ्ठी दिली होती. ती नुसती खबरदारी होती. ज्या माणसाने सबंध अर्थसंकल्प झोपेत मंजूर केला, तो माझ्या पुलासाठी जागा राहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण घंटेने डुलकी जागे झाले होते! माझा कळप आत शिरला, गणपूर्ती झाली, घंटा थांबली, अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं आणि डुलकींनी उठून, सभागृहातल्या त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, एक ठराव मांडला. भाषण केलं नाही. कोणालाच भाषण नको होतं. अध्यक्षांनी लगेच मताला टाकला. हे सगळं होईपर्यंत मी कुठे होतो? दाराबाहेर, टॉवेलवाल्यांच्या पाठीला हात लावून त्यांना आत ढकलत.

मी आत पाऊल टाकलं तेव्हा सबंध सभागृह एका सुरात होय म्हणत होतं, आणि पहिल्या रांगेत टाइमटेबल बॅग हातात घेऊन उभे होते. ताई, तूच सांग, मी काय समजायचं? मला वाटलं, मेला आलाच शेवटी आडवा! यांनी माझ्या डोळ्यांदेखत सभागृह तहकूब केलं आणि मीच गोळा करून आणलेली माणसं माझ्याच जिवावर उठली. माझ्या डोळ्यांपुढे होडीत डोळे मिटून बसलेली आई आली. अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? मी दारातूनच ओरडलो, नाही! असा ओरडलो की लघुलेखिकेच्या हातातलं पेन पडलं. अध्यक्षांनी खांबाच्या दोन्ही बाजूंना मान करून मला शोधलं. त्यांना मी पहिल्यांदाच सगळा दिसत होतो. ते फार सौम्यपणे म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी पुन्हा विचार करावा. आणि मी, छाती पुढे काढून, जन्मात बोललो नव्हतो अशा खणखणीत आवाजात म्हणालो,

“माझा विरोध माझ्या नावानिशी नोंदवावा. आज मी गप्प बसलो तर माझ्या नदीकाठची माणसं मला कधी क्षमा करणार नाहीत.”

कोणी बाक वाजवला नाही. मी तसाच ताठ मानेने खांबामागे जाऊन बसलो. डुलकींनी माझी बाही ओढली आणि कानाशी येऊन म्हणाले, “अहो, तुमचाच पूल होता तो.” आणि परत झोपले.

पुढचं काय सांगू? बांधकाममंत्र्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. ते उठून म्हणाले की ठराव मंजूर झाला याचा आनंदच आहे, पण स्थानिक सदस्य इतक्या कळकळीने विरोध करत असताना सरकार जनतेच्या भावना पायदळी तुडवणार नाही, हा विरोध आहे तोवर पुलाचं काम हाती घेणं उचित होणार नाही. मी हात हलवला, शिपायाने खिडकी उघडली. नंतर सचिवांकडे गेलो. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून समजावलं की नोंदलेलं मत मागे घेता येत नाही. वैयक्तिक खुलासा करता येतो, पण तो दुसऱ्याने तुमच्याविषयी गैरसमज करून घेतला असेल तर. स्वतःच स्वतःचा गैरसमज करून घेतलेल्या सदस्यासाठी पुस्तकात सोय नाही. आजवर गरज पडली नव्हती म्हणे.

अलीकडच्या काठावर माझ्या घराच्या दारासमोर रोज माणसं येऊन उभी राहतात, काही बोलत नाहीत, नुसती बघतात. तुझी भावजय म्हणते, शिव्या परवडल्या. एकटा नावाडी खुशीत आहे. त्याने निरोप पाठवलाय की साहेबांना जन्मभर होडी फुकट. ताई, खरं सांगतो, मला रडू आलं. एवढी वर्षं दारोदार हिंडलो, हातातोंडाशी आलेला पूल मी माझ्या तोंडाने घालवला.

असो. मला कुणाकडून काही नको. मन मोकळं करायला तुझ्याशिवाय आहे कोण, म्हणून लिहिलं. आईला नमस्कार, भाऊजींना जेवढा पोचेल तेवढा.

तुझा,
धाकटा
(सध्या होडीवाल्यांचा लाडका)

ता. क. भाऊजींनी त्या बातमीचं कात्रण भिंतीवर लावलं असेल तर काढायला सांग. निदान आईच्या खोलीतलं.

ता. क. २. काही नको असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण एक हवंय. सचिवांच्या कचेरीतून कळलं की नदीकाठच्या रहिवाशांनी सह्यांचा अर्ज पाठवून, आमच्या सदस्याचा विरोध ही आमची भावना नव्हे, असं कळवलं तर मंत्र्यांना काम सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र अर्ज हे अधिवेशन संपायच्या आत आला पाहिजे, आणि तो सभागृहात मांडायचा अधिकार फक्त स्थानिक सदस्याला आहे. म्हणजे मलाच. शब्द न शब्द मोठ्याने वाचून. तेव्हा ताई, दोन्ही काठांवर फिर आणि माझ्या निषेधाच्या सह्या गोळा कर. माझ्या उमेदवारी अर्जावर केली होतीस तशीच तुझी सही ठळक कर. भाऊजींना मजकूर लिहायला सांग, ते फुकट लिहून देतील. कागद होडीतून न्यावा लागेल, पण नावाड्याला दाखवू नकोस.

ता. क. ३. निषेध कडक हवा, मिळमिळीत नको. पण पुढच्या निवडणुकीविषयी काही घालू नका. वाचायला मला लागणार आहे.

ता. क. ४. आईची सही सगळ्यांच्या वर घे. तिचा हात कापतो, चष्माही नाही, वेळ लागेल, लागू दे. कशावर सही करतेय असं ती विचारणारच. माझं नाव घेतलंस तर ती पेन खाली ठेवील, मी तिला ओळखतो. तिला एवढंच सांग की पुलाला विरोध करणारा तिथे कोणी एक मेला निघालाय, त्याला वठणीवर आणायचंय. मग ती दोनदा करील.