गिटेलचं वाढवलेलं नाव

पनीना,

पाहुणे यायच्या आत गिटेलला घराबाहेर ने म्हणाली होतीस, दवाखान्यात नेलं. तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला. तिच्या जन्मजात आजारामुळे पहिल्यापासून ज्याची धास्ती होती, तोच. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. तू केक आणायला गेलीयस, म्हणून लिहून ठेवतोय. तिचे कपडे घेऊन परत निघालो.

पाहुण्यांना परत पाठवू नकोस. थोरल्या तिर्झाचं आणि त्यांच्या मुलाचं रक्त लग्नाआधीच्या तपासणीत जुळलंय, तिच्या मुलांना गिटेलचा जन्मजात आजार व्हायचा नाही. लपवायचे होते ते फक्त धाकटीचे लाल चट्ट्यांचे गाल आणि एकोणिसाव्या वर्षी दहा वर्षांच्या पोरीएवढी उंची. मुलाकडचे फार सभ्य आहेत, दिसलं नसतं तर विचारलंही नसतं.

शनिवारी शब्बाथला सभास्थानात आजाऱ्यांच्या प्रार्थनेसाठी मी तिचं नाव दिलंय. सोबत आईचं नाव लागतं, त्यामुळे तुझंही मोठ्याने घेतलं जाईल. मुलाचे वडील पहिल्याच बाकावर बसतात. चिडशील. चीड.

रब्बी म्हणाले, नावापुढे 'आल्टे' जोडा, म्हणजे म्हातारी. मृत्यूच्या दूताची फसगत होते म्हणे.

गिटेल हसली. "अब्बा, माझी उंची बघून पटेल त्याला?"

"तो बघत नाही गं, यादी वाचतो."

"आईला विचारलंत?"

मी हो म्हणालो.

पाहुणे गेले की ये. आल्यावर तिला आल्टे म्हणून हाक मार, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

नफ्ताली