एका दाराची दोन दुकानं

१४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. बाळ-बाळंतीण खुशाल ना? नातीचं नाक तुझ्यावर गेलं नसलं म्हणजे मिळवलं. इकडे थंडी पडली आहे, मी बरी आहे. माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण फाडू नकोस.

आधी बातमी सांगते. दुकान वाचलं.

तू लेकीकडे गेलीस आणि इकडे छोट्या धंद्यांच्या सरकारी मदतीचा नियम बदलला. लोक एका दुकानाची कागदावर चार दुकानं दाखवून मदत लाटत होते म्हणे. म्हणून आता एका पत्त्यावर दोन धंदे दिसले की दोघांनाही नकार. आपला पत्ता एक, दार एक, मध्ये नुसती प्लायवूडची आडभिंत. त्यात माझ्या शिलाई मशीनची मोटर जळलेली, मदतीशिवाय नवीन मशीन यायचं नाही आणि शाळेचे युनिफॉर्म तसेच पडलेले. आता दुकानाला कुलूप लागतंय या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

परवा मदतीच्या ऑफिसातून तपासनीस बाई आल्या. चष्म्यावरून बघणाऱ्या. कापड कुठे कापता, म्हणून विचारलं. माझ्या बाजूला टेबलच नाही, सांगू काय कपाळ? मग त्या तुझ्या बाजूला डोकावल्या आणि म्हणाल्या, इथलं शिलाई मशीन कुठे आहे? ते तिथे कधी नव्हतंच. तू जाताना प्लायवूडखालच्या फटीतून सरकवलेला कापलेल्या शर्टांचा गठ्ठा मात्र अजून माझ्या बाजूला तसाच पडून होता. वर तुझ्या खडूने लिहिलेलं, 'खांद्यात सैल ठेव'. ते वाचून बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

अगं, आपल्या दोघींच्याही हे कधी लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकं वाटून घेतली, बिलं वेगळी केली, दिव्याचं बटणसुद्धा वेगळं करून घेतलं. पण तुला शिवायचा कंटाळा आणि माझ्या हातात कात्री आली की कापडाचं वाटोळं. कापायचं तू, शिवायचं मी, तेवढं वेगळं करायचं राहूनच गेलं.

"मग हे दोन धंदे कसे?" बाईंनी विचारलं.

"एकच आहे," मी म्हटलं. "आमचं बोलणं बंद आहे, धंदा नाही."

बाई हसल्या नाहीत. दोघींच्या नावाने एकच अर्ज द्या, नियमात बसतो, एवढंच म्हणाल्या. त्या गेल्यावर मी स्टुलावर बसून रडले. इतकं हलकं वाटलं की विचारू नकोस. मोटरीचं दुःख झालं, असं शेजारच्या चावीवाल्याला सांगितलं. तुला खोटं सांगणार नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुला न विचारता प्लायवूड काढलं. चावीवाल्याने हात लावला. अर्जात तुझं नाव आधी घातलंय. पाटीवर कुणाचं नाव आधी यावरून आपण एकमेकींकडे पाठ फिरवली, याची आता लाज वाटते. तुझ्या सहीशिवाय अर्ज पुढे जायचा नाही. सही पोस्टाने पाठवली तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. तशी पाठवू नकोस.

बाळंतीण हिंडू-फिरू लागली की तू स्वतः ये. मला फाडफाड बोलायचं असेल तर समोर उभी राहून बोल. तू पलीकडे गिऱ्हाइकांशी बोलायचीस ना, तेव्हा मी मशीन थांबवून ऐकत बसायचे.

तुझीच,
धाकटी