मधल्या भोपळ्याचा नंबर

४ ऑक्टोबर
निवृत्तीनंतरचं परसातलं पहिलं पीक हाती आलं. बटाटे चार पोती, भोपळे अकरा, टोमॅटो मोजण्यापलीकडे. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक खिळा हरवला नाही. संकल्प : मार्चपर्यंत भाजी विकत आणायची नाही. मागची खोली रिकामी करून कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे. ही म्हणाली, अर्धं शेजारी वाटा, उरलेलं ताजं खाऊ. हिला वाटायला काय जातंय!

७ ऑक्टोबर
सगळे बटाटे धुऊन ठेवले. हिने कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, मातीसकट ठेवतात ते! सांगितलं, माझ्या स्टोअरमध्ये घाण चालत नाही.

१५ ऑक्टोबर
टोमॅटोचा रस बाटल्यांत भरला. बत्तीस. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. हिचं आपलं एकच, बाटल्या आधी उकळा. वेळ कुठे होता? चिठ्ठ्या लिहिण्यातच दुपार गेली.

२८ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
एकोणीस बाटल्या फुटल्या. छत लाल. हल्ली काचेत दमच राहिला नाही. चिठ्ठ्या शाबूत.

९ नोव्हेंबर
पहिल्या पोत्याला वास. घाबरण्यासारखं काही नाही. नियम केला : जे खराब व्हायला आलं, ते आधी खायचं. सडका भाग कापून भाजी केली. ही म्हणाली, घरात चार पोती असून चांगला बटाटा कधी खायचा? म्हटलं, त्याचा नंबर लागला की.

२६ नोव्हेंबर
नियम चालू. लेक चार दिवसांसाठी आली होती, एक जेवण जेवून गेली. कामं असतील.

१४ डिसेंबर
हिला ताप. चार दिवस पोटात काही नाही. म्हणाली, तो रांगेतला मधला भोपळा कापा ना, त्याचं गरम सूप द्या. पण नंबर कडेच्याचा होता, डाग पडलेला. डाग काढला, त्याचंच केलं. तिने एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली. मग कूस बदलून झोपली. म्हणजे पटलं.

१५ डिसेंबर
लेक येऊन हिला घेऊन गेली. हवापालट. जाताना लेक म्हणाली, बाबा, तुमचा स्टॉक सांभाळा. सांभाळतोच आहे.

२ फेब्रुवारी
अखेर चांगल्या मालाचा नंबर! चौथं पोतं उघडलं. हात मनगटापर्यंत आत गेला. मधला भोपळा उचलला, तर नुसता देठ वर आला. यंदा थंडीच पडली नाही.

३ फेब्रुवारी
लेकीला फोन केला. ही ठणठणीत आहे, दोन्ही वेळ जेवते. परत कधी येणार, विचारलं. लेकीने आत जाऊन निरोप आणला : नंबर लागला की.

४ फेब्रुवारी
बाजारातून अर्धा किलो बटाटे आणले. एक मऊ निघाला. तो आधी शिजवला.