गुड्रुनबाईंची चोवीस ऋणं

१२ ऑगस्ट २००७, रविवार

देवळात गुरुजींनी गोत्र विचारलं आणि माझी दातखीळ बसली. मागे ही रांग. शेवटी बायकोने, रुचानेच "भारद्वाज" सांगून टाकलं. मी तबक तिच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसलो. ॲरिझोनातलं ऊन, एकशे बारा डिग्री फॅरनहाइट. स्टीअरिंगला हात लावता येईना.

चाळीस वर्षं मीही तेच सांगत आलो — भारद्वाज, अगदी छातीठोक. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. बँकेच्या कामासाठी आईने त्यांचं कपाट उपसलं, आणि त्यातून दत्तकपत्र निघालं. माझं. पुण्याच्या एका अनाथाश्रमाचा शिक्का, वय चार महिने. आई म्हणाली, "सांगणारच होतो रे, देवदत्त. वेळच आली नाही." चाळिसाव्या वर्षी आली!

बाबांचं वर्षश्राद्ध मी केलं नाही. ऑफिसात ऑडिट आहे म्हणून आईला सांगितलं. खोटं सांगितलं. कुणाचा कोण म्हणून पाणी सोडणार होतो मी?

रुचा गाडीत आली. म्हणाली, "गुरुजी म्हणाले, ज्यांना माहीत नसेल त्यांनी काश्यप म्हणायचं. सगळ्यांना चालतं." म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू. आमच्या फॅबमधलं, म्हणजे चिपच्या कारखान्यातलं, मशीन रीडिंग मिळालं नाही की असाच एक आकडा भरून मोकळं होतं. रुचाला हे बोलून दाखवलं तर ती हसली. मला हसू आलं नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

आज विलक्षण काही घडलं. जमेल तसं लिहितो.

शेजारच्या गुड्रुनबाईंचं कपाट सरकवायला गेलो होतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नवरा कधीच गेलेला, सांधे दुखतात म्हणून मिनेसोटाची थंडी सोडून चँडलरला आलेल्या. तीन वर्षं शेजारी आहेत, पण हवापाण्यापलीकडे बोलणं नाही. कपाट सरकलं, लिंबाचं सरबत आलं. टेबलावर लाकडाच्या चकत्या पसरलेल्या, बिस्किटाएवढ्या. प्रत्येकीवर रेघा कोरलेल्या. मी सहज विचारलं, हे काय? म्हणाल्या, "ही माझी ऋणं."

त्यांच्या इंग्रजीत तो शब्द ऐकून मी ग्लास खाली ठेवला.

"चोवीस आहेत," म्हणाल्या. "रोज सकाळी एक हातात घेते आणि तिच्याशी थोडा वेळ बसते. मग दिवस नीट जातो."

अंगावर काटा आला. आपल्याकडे तीन सांगतात — देवांचं, ऋषींचं, पितरांचं. मुंजीत पाठ करून घेतली होती, पुढे कधी आठवली नाहीत. आणि ही परक्या देशातली बाई चोवीस ऋणं लाकडावर कोरून रोज हातात घेऊन बसते! सरबत तसंच राहिलं. "छान आहे" एवढं पुटपुटून घरी आलो.

संध्याकाळपासून तेच डोक्यात. आपली म्हणवणारी माणसं ऋण हा शब्द विसरली, आणि तो सापडला कुठे, तर ॲरिझोनात.

१९ ऑगस्ट, रविवार

फजिती. जेवताना मोठ्या भक्तिभावाने सगळं सांगितलं. आन्या अकरा वर्षांची, तिने काटा खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "बाबा, इट्स रून. आर, यू, एन, ई. लाइक, व्हायकिंग लेटर्स. वी डिड इट इन स्कूल."

रुचाने हसता हसता पाणी सांडलं. मग ती म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! आपले तेहतीस कोटी पुरेनात, म्हणून आता व्हायकिंगांचे देव का?"

मीही हसलो. पण गंमत अशी की काटा जो आला होता तो गेलेला नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

गुड्रुनबाईंना चूक सांगून टाकली. मनात ठेवणं बरं वाटेना. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. ऋण म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. म्हटलं, जन्माला येताना आपण घेऊन येतो ते देणं — पैशांचं नव्हे. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "ण" काही जमला नाही. मग म्हणाल्या, "रून म्हणजे गुपित. कानात सांगितलेलं. तीस वर्षं मी यांना विचारतेय, माझ्यापासून काय लपलंय. माझ्याकडून काय द्यायचं राहिलंय, हे कधी विचारलं नाही."

मग पिशवी पुढे केली. "मनात एक प्रश्न धरा. मला सांगू नका."

मी अशा गोष्टींतला नाही. पण हात पिशवीत गेला, आणि प्रश्न आपसूक आला. मी कुणाचा?

चकती निघाली. शंकरपाळ्याला दोन पाय फुटावेत तसं चिन्ह. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ओथाला. बापाकडून मुलाकडे येणारी जमीन. विकता येत नाही, टाकता येत नाही."

चकती माझ्या हातून पडली. उचलायलाही वाकलो नाही. निरोप न घेता घरी आलो. वाईट दिसलं असणार.

२८ ऑगस्ट

रुचाला सांगितलं. ती म्हणाली, "यार, योगायोग आहे." असेलही.

१ सप्टेंबर, शनिवार

माफी मागायला गेलो. येताना काही विचारायचं नाही असं ठरवून पुन्हा एक काढली. ओथाला.

घरी येऊन हिशेब मांडला. चोवीसमधून एक, लागोपाठ दोनदा ओथालाच — पाचशे शहात्तरात एक. मी हे आकडे रोज बघतो. सिलिकॉनचा असा एक वेफर निघाला तर आम्ही मशीन बंद करतो.

३ सप्टेंबर, सोमवार. लेबर डेची सुट्टी

गुड्रुनबाईंची परवानगी घेऊन तपासणी केली! त्यांच्या डायनिंग टेबलवर, डोळ्यांना नॅपकिन बांधून. ती चकती जास्त झिजलेली असेल, मोठी असेल, बोटांना कळत असेल. शहाण्णव वेळा काढली, दर वेळी पिशवी हलवून. आन्या हौसेने रेघा ओढत होती. तिने सांगितलं, "थ्री टाइम्स, बाबा." अपेक्षित चार, आली तीन. चकतीत खोट नाही.

गुड्रुनबाई कॉफी पीत सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "समाधान झालं?"

नाही झालं. उलट आता जास्तच भीती वाटते. भीतीही नव्हे. देवळाच्या गाभाऱ्यात डोकं आपोआप खाली जातं ना, तसं काहीतरी. हे मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि झालं ते मेपलच्या डायनिंग टेबलवर.

१५ सप्टेंबर, शनिवार. गणपती

मूर्ती शाडूची, आन्याने केलेली. सोंड डावीकडे की उजवीकडे यावरून रुचाशी वाद. आरतीला गुड्रुनबाईही आल्या. टाळ्या बरोबर तालात. मोदक तीन खाल्ले.

आईचा फोन. जपून बोलते हल्ली. "पितृपंधरवडा येतोय," एवढंच म्हणाली. मी विषय बदलला. ती वाट पाहतेय हे मला कळतं. मी गप्प बसतो हे तिला कळतं.

२२ सप्टेंबर, शनिवार

आज प्रश्न सरळ विचारला. बाबांना पाणी द्यायचा मला हक्क आहे का?

हात पिशवीत बराच वेळ ठेवला. चकत्या गुळगुळीत, किंचित कोमट. एक बोटांना लागली, सोडली. दुसरी घेतली.

ओथाला.

मला रडू आलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या परक्या बाईसमोर, चांगलं हमसून. मग सगळं सांगितलं — कपाट, कागद, शिक्का, वर्षश्राद्धाच्या वेळी बोललेलं खोटं. त्यांनी ऐकून घेतलं. हातावर हात वगैरे ठेवला नाही, ते बरं केलं.

मग त्यांनी आपलं सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या घरी नॉर्वेत शेत होतं. ते धाकटे. शेत थोरल्याला गेलं, कायदाच तसा. म्हणून ते बोटीत बसून अमेरिकेला आले. "ओथाला माझ्या आजोबांना मिळाली नाही," म्हणाल्या. "आणि माझी आजी चर्चला जाणारी. ह्या चकत्या बघून तिने मला घराबाहेर काढलं असतं."

मला धक्काच बसला. मला वाटत होतं हे त्यांच्या घराण्यात चालत आलेलं!

"छे. नवरा गेला त्या वर्षी मी आजीची पोळपाटासारखी फळी होती ती कापली आणि वाचून वाचून स्वतः कोरल्या. मला कुणी दिलं नाही, डेव्ह. मी घेतलं. तीस वर्षं रोज हातात धरलं. आता ते माझं नाही म्हणायची कुणाची छाती आहे, सांग?"

मी उठलो. घरी येताना आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मधल्या दगडांवर थांबलो. ऊन तेच, दगड तेच, आणि मला ते पहिल्यांदा दिसत असल्यासारखे वाटले. अशी जाणीव शब्दांत सापडत नाही. लिहायचा प्रयत्न सोडतो.

२३ सप्टेंबर

रुचा म्हणाली, "तीनदा तीच आली म्हणून श्राद्ध करणार आहेस का?" म्हटलं, नाही. बाबांनी मला सायकल शिकवताना कॅरिअर सोडलं नव्हतं म्हणून करणार आहे. ती ओट्याकडे वळली. उद्याच्या डब्यात भाजी जास्त घातली.

७ ऑक्टोबर, रविवार

गुरुजींशी बोललो. कॅलेंडरात सर्वपित्री अमावास्या अकराला, पण चँडलरच्या हिशेबाने दहालाच. ऑफिसातल्या विक्रमकडून पळी-पंचपात्र आणलं. काळे तीळ मेक्सिकन दुकानात मिळाले. दर्भ गुरुजी आणणार आहेत. कुठून आणतात ते विचारायचं राहिलं.

बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव लागेल म्हणाले. आजोबा मी जन्मायच्या आधी गेले. आमच्या घरी त्यांना नुसतं "नाना" म्हणत; कागदांवर बाबाही नुसतं आद्याक्षर लिहायचे. आईला विचारायला हवं. विचारायचं म्हणजे सांगायचं, की करतोय.

१० ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

सहाला आईला फोन लावला. श्राद्ध करतोय म्हणून सांगितलं. ती नाक ओढत म्हणाली, "लिहून घे. पहिले बाबा, श्रीराम. मग — आजोबा कुठले सांगू? ज्यांनी घेतलं ते, की ज्यांनी दिलं ते?"

मला काही कळेना.

"अरे, तुझे बाबा मामाला दत्तक गेलेले. सात वर्षांचे होते. बोलले नाहीत कधी तुझ्याशी? त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. दोन्ही बापांच्या नावाने पाणी सोडायचे. आणि शेवटी एक ओंजळ जास्तीची. मी विचारलं होतं, ही कुणाची. म्हणाले, आपल्या देवदत्तच्या माणसांची. नावं माहीत नाहीत, पण पाणी पोचतं."

किती वर्षं, मी विचारलं.

"तू घरात आलास त्या वर्षापासून. एकदाही चुकवलं नाही."