खाबुऱ्याच्या बागेतला आमचा हिस्सा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. आमच्या घराण्यात इतिहास लिहून ठेवणारा माणूस आजवर झाला नव्हता. आज झाला.

गावाहून हारूनने पार्सल पाठवलंय. हारून म्हणजे माझा चुलतभाऊ. मशिदीच्या दुरुस्तीत भिंतीतल्या कपाटात आमच्या खापरपणजोबांचं, सालिमचं, नाव मराठीत लिहिलेलं पाकीट निघालं, आत एक कागद. हाताने लिहिलेलं अरबी, खाली शिक्का. गावात कुणाला लागेना, म्हणून सव्वीस वर्षं ओमानात असलेल्या मला पाठवला. योग्य माणूस निवडला. मलाही लागत नाही, पण ते हारूनला कशाला सांगा.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी
ऑफिसात अमीनला कागद दाखवला. अमीन आमच्या वर्कशॉपचा मंदूब, सरकारी कागदांची धावपळ करणारा ओमानी पोरगा. पहिल्या दोन ओळी वाचल्या : सालिम बिन मबरूक अल-खुजेमी, मुक्काम खाबुरा. मी खुर्चीतच बसलो. खुजेमी! अमीन म्हणतो, खाबुऱ्यातलं जुनं बडं घराणं. खजुराच्या बागा. एके काळी झांझिबारला लवंगेचे मळे आणि राबायला शेकडो गुलाम.

मग तो पुढचं मनातल्या मनात वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरला. नूरभाई, पुढचं वाचू का, असं दोनदा विचारलं. म्हटलं, नको, खलास, नावात सगळं आलं. कागद हातातून काढून घेतला. मत्सर माणसाला कसा पिवळा करतो ते जवळून पाहिलं. त्याचं स्वतःचं आडनाव अगदीच साधं आहे.

उद्यापासून अरबी शिकणे. कॅंटीनच्या रांगेत उभं न राहणे.

६ ऑक्टोबर
रांगेत उभा राहिलो नाही. जेवण संपलं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार
कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावला. त्या जागी फरिदाचा लग्नातला फोटो होता. फरिदा म्हणाली, अवो, माझा फोटो कुठं टाकलात? म्हटलं, कपाटात, सुरक्षित आहे. तिला घराणं या विषयात गती नाही. तिच्याकडचे मासेवाले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
नौशीन इब्र्याहून आली. तिथल्या दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, सुट्टीला घरी येते. फ्रेम बघून म्हणाली, Papa, nice, पण यात लिहिलंय काय? म्हटलं, बेटा, यात आपण आहोत.

तिचा निकाह १९ डिसेंबरला, यासिरशी. यासिर एसीची कामं घेतो, वादी कबीरला स्वतःचं दुकान. मुलगा सरळ. त्याची आई बिलकीस मुरूडची, नवरा गेल्यावर टिफिन करून तिने पोराला मोठं केलं. मंगनीच्या दिवशी जेवताना हसत हसत म्हणाली होती की आमचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजातून उतरवलेले, म्हणून यासिरचे केस असे. तेव्हा मीही हसलो होतो. तिसऱ्यांदा मटण वाढत होती बिचारी.

आज मात्र ते आठवून ताट बाजूला सारलं. खुजेमींची मुलगी आणि गुलामांच्या घरात?

१६ ऑक्टोबर, गुरुवार
निर्णय झाला. मंगनीचं सगळं सामान कार्टनमध्ये भरून कंपनीच्या पिकअपने बिलकीसकडे परत. साडी, अंगठी, पेढ्यांचा रिकामा डबासुद्धा. हिशेब चोख असावा. शिवाय जमातीच्या, म्हणजे इथल्या कोकणी मंडळींच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासा टाकला, म्हणजे उगाच कुजबूज नको : 'ऐतिहासिक कागदपत्रांनुसार आमचं हाड (कूळ) खुजेमी असल्याचं सिद्ध झाल्याने गुलामांच्या वंशात मुलगी देणं शक्य नाही. कृपया गैरसमज नसावा. नूरुद्दीन (अल-खुजेमी).'

एकशे चाळीस जणांनी वाचलं. उत्तर कुणाचंच नाही. लोक भारावून गेले असावेत. बिलकीसने वाचल्याची निळी खूण सर्वांत आधी आली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
नौशीनने विचारलं, यासिरने काय केलं? म्हटलं, त्याने काही नाही केलं, जन्मानेच झालं. ती रडली. मराठीत सुरुवात करते आणि रडू आलं की इंग्लिशमध्ये जाते. म्हणाली, you wrote it on the group, Papa, त्याच्या आईने ते वाचलं. फरिदा म्हणाली, पोरगी पळून गेली तर? मी हसलो. आम्हा शाफई पंथीयांमध्ये बापाच्या संमतीशिवाय मुलीचा निकाह लागतच नाही. किती शहाणपणाचा नियम! नौशीन तशी धार्मिक आहे, ही माझ्याच संगोपनाची जमेची बाजू.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
खाबुऱ्याला जाऊन आलो. बाजारात विचारत विचारत हमद बिन नासर अल-खुजेमी यांच्या दारात पोचलो. ऐंशीच्या पुढचे, हिंदी झकास. मी लगेच मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला सुरुवात केली. कहवा, खजूर, हलवा. फोनवर कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. रक्त रक्ताला ओळखतं ते असं.

म्हणाले, सालिमचं नाव आमच्या घरच्या वाटणीच्या कागदात आहे, लहानपणी वडिलांनी वाचून दाखवलं होतं. वाटणीच्या! मी बागेकडे बघितलं. किमान चारशे माड असतील. (खजुराचे. सवयीने माड लिहिलं.) विहिरीजवळचा भाग मला आवडला. तिथे फार्महाऊस.

११ नोव्हेंबर, मंगळवार
हमदकाकांचा फोन. वाटणीचा कागद सापडलाय, ये, पण एकटा ये. दोनदा म्हणाले. इस्टेटीची गोष्ट चव्हाट्यावर नको असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण इथेच तर साक्षीदार लागतात. एकटा गेलो आणि उद्या शब्द फिरवला तर?

जमातीतल्या बावीस जणांना आमंत्रण. कोस्टर बस ठरवली. अमीनला दुभाष्या म्हणून ये म्हटलं. तो म्हणाला, नूरभाई, माझं ऐका, जाऊ नका. म्हटलं, यल्ला, शुक्रवारी नमाजनंतर लगेच निघायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आम्ही चोवीस जण मजलिसमध्ये, म्हणजे काकांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून बसलो. काकांनी एवढी माणसं बघून मला बाजूला घेतलं, म्हणाले, आज नको, आज फक्त जेवा. मी मोठ्याने म्हटलं, ही सगळी आपलीच माणसं आहेत, वाचा.

कागद अमीनच्या हातात दिला. नासर बिन सैफ यांच्या पश्चात तीन मुलांत वाटणी. उत्तरेची बाग मोठ्याला. विहिरीच्या पाण्यातला अर्धा वाटा मोठ्याला. दक्षिणेची बाग मधल्याला. दोन गाढवं मधल्याला. एक तांब्याचं मोठं पातेलं मधल्याला. इथे अमीन थांबला. काका म्हणाले, बस. मी म्हटलं, बस काय, सालिमचं नाव कुठंय? वाच!

अमीनने वाचलं. मबरूक नावाचा गुलाम, त्याची बायको जाफ्रान आणि त्यांचा दूध पिणारा पोरगा सालिम, हे मधल्याला.

पुढे धाकट्याला उंट होते.

मी विचारलं, मग खुजेमी कसा? काका हळू आवाजात म्हणाले की बेटा, गुलामही धन्याच्या घराण्याचंच नाव लावायचे, सुटल्यावरही तेच राहायचं. आणि तुझ्याकडचा कागद सालिमच्या सुटकेचा आहे, माझ्या आजोबांनी, म्हणजे त्या मधल्याने, त्याला अल्लासाठी मोकळा केला, मग तो कोकणच्या गलबतावर चढला. वाटेत कुणी पुन्हा पकडू नये म्हणून तो कागद जवळ बाळगायचा असतो. जपून ठेव, इज्जतीची चीज आहे.

म्हणजे जी मी फ्रेम केली ती.

जेवण उत्तम होतं असं बाकीचे म्हणत होते. परतीचा प्रवास पावणेतीन तासांचा. निम्म्या वाटेत मागच्या सीटवर कुणीतरी हसलं आणि मग खोकल्याचं नाटक केलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
शांतपणे विचार केला. वाटणीच्या कागदात नाव असणं ही कायद्याने लहान गोष्ट नाही. अमीनला विचारलं, वकील बघू का? तो म्हणाला, नूरभाई, तुमचं नाव वाटून घेणाऱ्यांत नाही, वाटलेल्या मालात आहे. तरुण पिढीला बोलायचं भान राहिलेलं नाही.

ग्रुपवर कुणीतरी खजुराचा फोटो टाकला. नुसता. एकोणनव्वद जणांनी अंगठा दाखवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
फ्रेम उतरवली. फरिदाने तिचा फोटो परत लावू दिला नाही. राहू द्या कपाटात, म्हणाली.

पण एक गोष्ट लक्षात आली आणि एकदम हलकं वाटलं. आता अडचण उरली कुठे? तेही गुलामांचे, आम्हीही गुलामांचे. हाडाला हाड तंतोतंत जुळतं. १९ डिसेंबरचा हॉल अजून रद्द केलेला नाही. शुक्रवारी बिलकीसकडे जातो. नौशीनला फोन करून सांगितलं, बेटा, तुझं काम झालंच समज. ती म्हणाली, Papa, please नीट बोला. म्हटलं, बोलण्यात तुझ्या बापाचा हात कोण धरणार!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याकाळी बिलकीसकडे. ते कार्टन दाराशीच होतं, न उघडलेलं. यासिरही होता. सलाम केला, खुर्ची दिली. मुलगा खरंच चांगला आहे. मी सगळं व्यवस्थित मांडलं : खाबुरा, मबरूक, जाफ्रान, गाढवं, पातेलं. कागदाचा फोटो दाखवला. शेवटी म्हटलं, तेव्हा आता आमच्याकडून काही हरकत नाही.

बिलकीस म्हणाली, भाईजान, आणखी काय बोलायचं होतं? म्हटलं, नाही, एवढंच. तिने चहा आणला, समोसे आणले. पुन्हा विचारलं, मनात असंल ते बोला, आम्ही ऐकतोय. मी विचार केला. मग मेन्यूचं बोललो, की बिर्याणी मटणाचीच ठेवू, चिकन हलकं दिसतं. यासिर उठून आत गेला. बिलकीस म्हणाली, ठीक आहे, कळवते. मुलाकडचे जरा ताणून धरतातच. एकूण बैठक सकारात्मक.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी बिलकीसचा फोन आला, पण मला नाही, नौशीनला. नकार.

मी म्हटलं, बघितलंस, शेवटी त्यांनी पण आपलं हाडच बघितलं. नौशीन म्हणाली, नाही Papa. आंटीने मला आधीच सांगितलं होतं. तुझ्या बापाच्या तोंडून एकदा माफीचा शब्द आला तर त्याच तारखेला निकाह, दुसरं काही मागणं नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, त्यांना ते तुमच्याकडून हवं होतं. She asked you twice. मी विचारलं, मग तू तरी खूण करायचीस. ती म्हणाली, मी म्हटलं होतं, नीट बोला.

लगेच बिलकीसला मेसेज लिहायला घेतला. तीनदा लिहिला. तिन्ही वेळा सुरुवात 'वास्तविक पाहता' अशी झाली. चौथ्यांदा नुसतं 'माफ करा' लिहून पाठवलं, तर एकच राखाडी खूण. पोचतच नाही. तिने मला ब्लॉक केलंय.

नौशीन दुपारच्या बसने इब्र्याला गेली. स्टँडवर मला येऊ दिलं नाही, फरिदाला नेलं. पुढच्या सुट्टीला येशील का, विचारलं, तर म्हणाली, बघते.

मी माफी मागायला विसरलो. विसरलो असं लिहितोय, पण तिथे बसून समोसे खात होतो त्या पाऊण तासात ती मागायची असते हे मला सुचलंच नाही.